शेगडी नवी, टोप कुठला?

चवथीला किंवा आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेला मुंबईहून येणारा चाकरमानी हल्ली आईसाठी इंडक्शन शेगडी घेऊन येतो. चुलीचा धूर तिच्या छातीला सोसत नाही, हे त्याला ठाऊक असते. शेगडी ओट्यावर मांडली जाते, आई रोजचा टोप त्यावर ठेवते आणि शेगडी नुसतीच ‘टीं टीं’ करत राहते. दोन दिवसांत ती खोक्यात परत जाते आणि चूल पुन्हा पेटते. मसुरे परिसरातील घर असो वा कोकणातील दुसरे कुठलेही, अशा वेळी दोष बहुधा शेगडीचा नसतो, भांड्याचा असतो.

हा घोळ साधा वाटला तरी महागात पडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार, घरातील स्वयंपाकाच्या धुराशी संबंधित आजारांनी २०२० मध्ये जगभरात सुमारे ३२ लाख लोकांचा बळी गेला. त्यामुळे धूर कमी करणारी शेगडी खोक्यात पडून राहणे परवडणारे नाही.

इंडक्शन शेगडीत जाळ नसतो. काचेखाली तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. त्यातून वेगाने दिशा बदलणारा विद्युतप्रवाह वाहतो आणि बदलते चुंबकीय क्षेत्र तयार होते. वर लोखंडी तळाचे भांडे असेल तर त्या तळातच प्रवाह निर्माण होऊन भांडे स्वतः तापते. काच तापते ती केवळ भांड्याच्या उष्णतेने. म्हणून सुमारे ८५ टक्के ऊर्जा थेट भांड्यात जाते. एक लिटर पाणी उकळायला साधारण ०.१ युनिट वीज पुरते.

पण जर्मनचा म्हणजे ॲल्युमिनियमचा टोप, कल्हईचे पितळी पातेले, तांब्याचे भांडे आणि तिखल्याचे मातीचे मडके यांचा या शेगडीवर उपयोग नाही. स्टीलचेही सगळे प्रकार चालत नाहीत. निकेलचे प्रमाण अधिक असलेले, ‘३०४’ छापाचे स्टील चुंबकाला सहसा दाद देत नाही. ‘४३०’ छापाचे देते. यावर सोपी परीक्षा आहे. फ्रिजवरचा चुंबक भांड्याच्या तळाला लावावा. घट्ट चिकटला तर भांडे चालेल, घसरला तर नाही. तपासायचा तो तळ, कड नव्हे.

तळ सपाट हवा आणि साधारण १२ ते २० सेंटिमीटर रुंद हवा. फार लहान भांडे शेगडीला जाणवत नाही. पातळ स्टीलच्या टोपात मधोमध भात लागतो. त्यापेक्षा दोन स्टीलच्या थरांमध्ये ॲल्युमिनियम असलेले जाड, तीन थरांचे भांडे बरे. घावण्यांचा बिडाचा तवा सपाट असेल तर उत्तम चालतो, मात्र तो मंद आचेवर हळूहळू तापवावा आणि काचेवर ओढू नये. नॉनस्टिक तवा रिकामा तापवू नये. इंडक्शनवर तो क्षणात तापतो आणि २६० अंश सेल्सिअसच्या पुढे त्याचा लेप खराब होऊ लागतो.

घरातली जुनी भांडीच वापरायची असतील तर इन्फ्रारेड अर्थात सिरॅमिक शेगडीचा पर्याय आहे. तिच्या काचेखालची तार लाल होते आणि ती उष्णता वरच्या भांड्याला मिळते. त्यामुळे सपाट तळाचे धातूचे कोणतेही भांडे चालते. मात्र काच विस्तवासारखी तापते आणि बंद केल्यावरही बराच वेळ गरम राहते. घरात लहान मूल असेल तर हे ध्यानात ठेवावे. गुळाचा पाक काचेवर सांडला तर शेगडी बंद करून, हात सांभाळून, तो लगेच खरवडून काढावा. थिजला तर काचेला खड्डे पडतात.

भांडे निवडताना पदार्थाचाही विचार हवा. कोकमाचे आगळ, चिंच घातलेले आंबट कालवण ॲल्युमिनियममध्ये शिजवले किंवा ठेवले, तर आम्लामुळे धातू अन्नात उतरतो. त्यासाठी स्टील बरे.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. दोन हजार वॉटची शेगडी जवळपास नऊ अँपिअर वीज ओढते, म्हणून ती १६ अँपिअरच्या जाड प्लगवरच लावावी. एक्स्टेन्शन बोर्डवर नको. हृदयात पेसमेकर असलेल्यांनी चालू इंडक्शनपासून किमान ६० सेंटिमीटर अंतर ठेवावे आणि आपल्या डॉक्टरांना विचारूनच ती वापरावी.

पावसाळ्यात वीज गेली की गॅस लागणारच; मडक्यातल्या तिखल्यासाठी चूलही राहील. पण रोजचा चहा, अंघोळीनंतरची पेज, दुपारचा भात एवढे जरी नव्या शेगडीवर आले, तरी घरातल्या बाईचा धुरातला बराचसा वेळ वाचतो. म्हणून पुढच्या वेळी शेगडी आणताना चाकरमान्याने सोबत योग्य तळाचे दोन टोपही आणावेत.