बोरीबंदर ते ठाणे: रेल्वेच्या कायद्याविषयीचे गैरसमज

१६ एप्रिल १८५३ ची ती गाडी आपल्याला शाळेपासून पाठ आहे. दुपारी साडेतीनची वेळ, बोरीबंदर, १४ डबे, ४०० निमंत्रित, २१ तोफांची सलामी आणि साहिब, सिंध व सुलतान ही तीन इंजिने. ही गाडी ज्या कागदांच्या आधारावर धावली, त्यांच्याविषयी मात्र बहुतेकांना काहीच सांगितले जात नाही. मग ती जागा ऐकीव गोष्टींनी भरते. कोणी म्हणते इंग्रजांनी आपल्याला रेल्वे दिली, कोणी म्हणते डलहौसीने आणली, कोणी म्हणते नाना शंकरशेटांनी. प्रत्येकात थोडे तथ्य आहे. पण रेल्वेचे पैसे कोणी भरले आणि धोका कोणी पत्करला, हे या तिन्ही उत्तरांतून समजत नाही. ते समजण्यासाठी कायदा आणि करार या दोन गोष्टी आधी वेगळ्या करायला हव्यात.

गैरसमज: पार्लमेंटने कायदा केला आणि त्या कायद्याने रेल्वे बांधली गेली

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनी, म्हणजे आपली जीआयपी, ब्रिटिश पार्लमेंटच्या कायद्याने १ ऑगस्ट १८४९ रोजी अस्तित्वात आली. या कायद्याचे मुख्य काम होते कंपनीला कायदेशीर अस्तित्व देण्याचे. आज कंपनी नोंदवायला कोणाला संसदेत जावे लागत नाही. त्या काळी इंग्लंडमध्ये भागधारकांची जबाबदारी त्यांच्या भागापुरतीच मर्यादित ठेवायची, तर पार्लमेंटचा खास कायदा किंवा राजसनद लागे. मर्यादित जबाबदारीची सर्वसाधारण सोय १८५५ मध्ये झाली. रेल्वेसारख्या प्रचंड खर्चाच्या कामात घरदार विकायची वेळ येऊ शकते असे वाटले असते, तर एकाही गुंतवणूकदाराने पैसा घातला नसता. म्हणून हा कायदा.

रेल्वे कोणत्या अटींवर बांधायची आणि चालवायची, हे ठरले त्यानंतर १६ दिवसांनी. १७ ऑगस्ट १८४९ रोजी जीआयपी आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात करार झाला. ईस्ट इंडियन रेल्वे या बंगालकडच्या कंपनीनेही त्याच दिवशी तशाच धर्तीचा करार केला. मुंबईच्या वाट्याला आलेला मार्ग प्रायोगिक होता, सुमारे ३५ मैलांचा. पुढे खानदेश, वऱ्हाड आणि इतर इलाख्यांना जोडणाऱ्या मोठ्या मार्गाचा हा पहिला तुकडा, अशी कल्पना. त्यासाठी भांडवल पाच लाख पौंड. ठाणे हे या प्रयोगाचे शेवटचे स्थानक कधीच नव्हते. गाडी १ मे १८५४ रोजी कल्याणला पोचली.

करारातल्या अटी वाचल्या की चित्र बदलते. जमीन सरकारने फुकट द्यायची, ९९ वर्षांसाठी. कंपनीने भरलेल्या भांडवलावर सरकारने दरसाल ५ टक्के व्याजाची हमी द्यायची, रेल्वे नफ्यात असो वा नसो. नफा ५ टक्क्यांच्या वर गेला तर वरच्या रकमेचा अर्धा भाग सरकारने आधी भरलेले व्याज फेडण्यासाठी आणि अर्धा भागधारकांना. आणि एवढ्यावरही कंपनीला धंदा नकोसा झाला, तर सहा महिन्यांची नोटीस देऊन तिने मार्ग सरकारच्या हवाली करावा आणि घातलेले भांडवल परत घ्यावे. तोटा सोसण्याचे कलम कंपनीच्या बाजूला जवळजवळ उरलेच नाही.

गैरसमज: पैसा ब्रिटिश सरकारचा होता

भांडवल ब्रिटिश भागधारकांचे होते, ब्रिटिश सरकारचे नव्हे. त्यावरच्या व्याजाची हमी हिंदुस्थानच्या तिजोरीने दिली होती, म्हणजे इथल्या शेतसाऱ्याने, मिठाच्या कराने, अफूच्या उत्पन्नाने. १८५८ नंतर ईस्ट इंडिया कंपनीची जागा भारतमंत्र्यांनी घेतली, तरी ओझे याच तिजोरीवर राहिले. लंडनमधला भागधारक आपली ५ टक्क्यांची रक्कम निर्धास्तपणे घेत असे आणि ती कमी पडली तर भरून देई साताऱ्याची किंवा तंजावरची रयत, जिने आगगाडी पाहिलीही नसेल.

हमीचा परिणाम बांधकामावरही झाला. खर्च वाढला तरी भागधारकाचे काही जात नव्हते. उलट जितके भांडवल अधिक, तितके हमीचे व्याज अधिक. मैलामागे सुमारे आठ हजार पौंड लागतील असा सुरुवातीचा अंदाज होता; पहिल्या पिढीच्या मार्गांचा प्रत्यक्ष खर्च दुपटीच्याही वर गेला. विल्यम मॅसी हे हिंदुस्थान सरकारचे माजी अर्थसदस्य. त्यांनी १८७२ मध्ये पार्लमेंटच्या समितीपुढे सांगितले की, हमी मिळालेल्या गुंतवणूकदाराला आपला पैसा हुगळीत फेकला जातो की विटाचुन्यात घातला जातो, याच्याशी काही देणेघेणे नव्हते. हे कोणा राष्ट्रवादी टीकाकाराचे नव्हे, खुद्द सरकारच्या माणसाचे मत आहे.

व्याजापेक्षाही कमी चर्चा होते ती विनिमय दराची. करारात रुपयाचा दर एक शिलिंग दहा पेन्स, म्हणजे २२ पेन्स, असा कायम धरलेला होता. त्या वेळी तो बाजारभावाच्या आसपास होता. पुढे चांदी स्वस्त झाली, रुपया घसरत गेला आणि १८९० नंतरच्या काही वर्षांत तो १५ पेन्सांच्याही खाली आला. रेल्वेची कमाई रुपयांत, भागधारकांचा वाटा पौंडांत आणि हिशेब जुन्याच २२ पेन्सांनी. मधली तफावत सरकारी खजिन्यातून जात राहिली. कराराच्या एका आकड्याने वर्षानुवर्षे केवढी रक्कम हलवली असेल, याचा विचार केला की मन अस्वस्थ होते.

पुण्यात गणेश व्यंकटेश जोशी यांनी सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकात अशा आर्थिक प्रश्नांची तपशीलवार चिकित्सा केली. रेल्वेवर होणारा खर्च हा प्रत्यक्षात हिंदुस्थानने ब्रिटिश उद्योगांना दिलेले अनुदान आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. रूळ, इंजिने, पुलांचे लोखंड सारे तिकडून येत होते, हे पाहता तो निष्कर्ष मला आजही पटतो. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे: १८४५ पासून चार वर्षे प्रयत्न करूनही हमीशिवाय लंडनच्या बाजारात भांडवल उभे राहिले नव्हते. पण हमी लागली म्हणून ती इतक्या सढळ अटींवर द्यायला हवी होती असे नाही. व्हाइसरॉय लॉर्ड लॉरेन्स यांनी १८६९ मध्ये, सरकारने स्वतःच कमी व्याजाने कर्ज काढून रेल्वे बांधावी, असे धोरण मांडले. तोवर २० वर्षे उलटून गेली होती.

गैरसमज: रेल्वे डलहौसीने आणली

लॉर्ड डलहौसी जानेवारी १८४८ पासून गव्हर्नर जनरल होते आणि रेल्वेचे खंदे पुरस्कर्ते होते. रुंद मार्गाचा आग्रह त्यांचाच. पण ज्या टिपणासाठी त्यांना भारतीय रेल्वेचे जनक म्हणतात, ते २० एप्रिल १८५३ चे, म्हणजे ठाण्याला गाडी जाऊन आल्यानंतर चार दिवसांनी लिहिलेले. देशभराच्या मुख्य मार्गांचे जाळे त्या टिपणाने आखले. मुंबईचा मार्ग मात्र त्यांच्या आखणीतून निघालेला नव्हता.

नाना शंकरशेट आणि सर जमशेटजी जीजीभाई यांचे नाव मुंबईत मोठ्या आदराने घेतले जाते आणि ते योग्यच आहे. १८४५ च्या सुमारास रेल्वेची कल्पना शहरात रुजवणाऱ्यांत आणि कंपनीच्या मुंबईतल्या समितीत ते दोघे होते. मात्र कायद्याने कंपनीचे घर लंडनमध्ये होते. संचालक मंडळ तिथे बसे आणि त्या मंडळावर सरकारचा एक पदसिद्ध संचालक असे. त्याला नकाराधिकार होता. मार्गाची रुंदी, भाडे, आराखडे, खर्च, सगळ्यांवर सरकारी देखरेख होती. खासगी कंपनी मनमानी करत होती, हा समजही त्यामुळे अपुरा ठरतो. सरकारकडे अधिकार होते. खर्चाला लगाम घालायला ते कमी पडले, ही वेगळी गोष्ट.

आणखी एक लहान दुरुस्ती. १८५३ ची गाडी ही देशातली पहिली प्रवासी गाडी. रुळांवरचे पहिले वाहन नव्हे. मद्रासजवळ रेड हिल्सला १८३७ मध्येच दगड वाहणारी रेल्वे होती आणि रूरकीजवळ सोलानी नदीवरच्या कालव्याच्या कामात १८५१ मध्ये वाफेचे इंजिन माती ओढत होते.

गैरसमज: जमीन आणि मजूर यांच्याशी कायद्याचा संबंध नव्हता

इंग्लंडमध्ये रेल्वेच्या खासगी कायद्यातच सक्तीने जमीन घेण्याचा अधिकार दिलेला असे. इथे जमीन सरकारने घेऊन कंपनीला द्यायची होती, म्हणून ते काम हिंदुस्थानातल्या कायद्यांनी केले. बंगालमध्ये १८५० च्या कायद्याने रेल्वेला सार्वजनिक कामाचा दर्जा दिला, जेणेकरून १८२४ च्या जुन्या नियमाखाली जमीन घेता यावी. १८५७ मध्ये सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानला लागू होणारा भूसंपादनाचा कायदा आला. त्याच वाटेवरचा १८९४ चा कायदा आपण २०१३ पर्यंत वापरत होतो.

मजुरांची गोष्ट बोरघाटाची आहे. १८५६ मध्ये काम सुरू झाले, सात वर्षे चालले. २५ बोगदे, खोल दऱ्यांवरचे पूल, पटकी आणि ताप. एका टप्प्यावर ४० हजारांहून अधिक माणसे घाटात राबत होती आणि मेलेल्यांची संख्या हजारांत होती. १८५९ च्या जानेवारीत मजुरी थकल्यामुळे मजूर उठले, मारामारी झाली. मुख्य कंत्राटदार फॅविएल यांनी त्याच वर्षी काम सोडले. त्यांच्या जागी आलेले सॉलोमन ट्रेडवेल काही दिवसांतच वारले आणि त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस यांनी कंत्राट पुढे नेले. घाट २१ एप्रिल १८६३ रोजी खुला झाला.

मजुरीच्या अशा तंट्यांवर सरकारने केलेला उपाय म्हणजे १८६० चा नववा कायदा: रेल्वे आणि इतर सार्वजनिक कामांवरचे मजूर व मालक यांचे तंटे लवकर निकाली काढण्यासाठी. थकलेल्या मजुरीसाठी मजुराला मॅजिस्ट्रेटकडे जाता येऊ लागले, ही जमेची बाजू. पण त्याच कायद्यात काम अर्धवट सोडणाऱ्या मजुराला फौजदारी शिक्षेची तरतूद होती. करार मोडणे हा मजुराच्या बाबतीत गुन्हा. रेल्वे कंपनीने सहा महिन्यांची नोटीस देऊन मार्ग सोडला, तर तिला भांडवल परत. हे दोन कागद शेजारी ठेवून वाचावेत.

गैरसमज: गाडी चालवण्याचे नियमही लंडनहून आले

ते कलकत्त्याहून आले. गव्हर्नर जनरलच्या विधिमंडळाने केलेला १८५४ चा अठरावा कायदा हा रेल्वे चालवण्याविषयीचा पहिला. मग १८७९ चा, आणि १८९० चा नववा कायदा, जो १ मे १८९० पासून अमलात आला. साखळी विनाकारण ओढल्यास ५० रुपयांपर्यंत दंड, हे वाक्य डब्यात वाचत आपल्या दोन-तीन पिढ्या मोठ्या झाल्या. ते या कायद्याचे कलम १०८. स्वतंत्र भारतात हाच कायदा वेळोवेळी दुरुस्त होत ३० जून १९९० पर्यंत टिकला. १ जुलैपासून १९८९ चा रेल्वे अधिनियम आला आणि साखळीची शिक्षा एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड अशी झाली.

१८९० च्याच कायद्याच्या कलम ६४ मुळे एक लोकप्रिय गोष्ट सुधारून सांगावी लागते. १९०९ मध्ये एका बंगाली प्रवाशाने गाडी चुकल्याचे तक्रारपत्र लिहिले आणि त्यामुळे रेल्वेत शौचालये आली, असे सर्रास सांगतात. पत्र खरे आहे. पण १ जानेवारी १८९१ पासून प्रत्येक प्रवासी गाडीत सर्वांत खालच्या वर्गाचा निदान एक कप्पा स्त्रियांसाठी राखून ठेवणे आणि गाडी ५० मैलांपेक्षा लांब जाणार असेल तर त्यात शौचकूप असणे कायद्याने बंधनकारक झाले होते. पुरुषांच्या तिसऱ्या वर्गाला तो हक्क दिला नव्हता, म्हणून ते पत्र लिहिण्याची वेळ आली. स्त्रियांचा राखीव डबा ही अलीकडची मेहेरबानी आहे असे मानणाऱ्यांनीही हे कलम लक्षात घ्यावे.

गैरसमज: १९४७ मध्ये इंग्रज रेल्वे फुकट सोडून गेले

जीआयपी सरकारने विकत घेतली ती १९०० मध्ये. २५ किंवा ५० वर्षांनी, मागील तीन वर्षांतल्या भागांच्या सरासरी बाजारभावाने, मार्ग विकत घेण्याचा हक्क मूळ करारात होता. २५ वर्षांनंतरची संधी १८७० च्या सुमारास नव्या तडजोडीत सरकारने सोडून दिली. त्या बदल्यात जादा नफ्याचा अर्धा वाटा पदरात घेतला. ५० वर्षे पुरी झाल्यावर खरेदी झाली तेव्हा हमीच्या जोरावर भागांचा भाव दर्शनी किमतीच्या बराच वर होता आणि तोच भाव हिंदुस्थानला मोजावा लागला. रक्कम एकदम न देता वार्षिक हप्त्यांनी द्यायची ठरली, मूळ कराराची ९९ वर्षे पूर्ण होईपर्यंत, म्हणजे १७ ऑगस्ट १९४८ पर्यंत. दरम्यान मार्ग चालवायला पुन्हा त्याच कंपनीकडे दिला गेला. १९२५ मध्ये सरकारने कारभार थेट हाती घेतला आणि ५ नोव्हेंबर १९५१ रोजी जीआयपीचा मार्ग मध्य रेल्वेत आला.