इंग्रजी प्रावीण्य-परीक्षेतील निबंध आणि हिवरे बाजारचा दाखला

परदेशी विद्यापीठांत प्रवेश घेऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी पुष्कळांना आयईएलटीएस ही इंग्रजी प्रावीण्याची परीक्षा द्यावी लागते. तिच्या लेखनपत्रिकेत दुसरा प्रश्न निबंधाचा असतो. तो सुमारे ४० मिनिटांत, निदान २५० शब्दांत लिहावयाचा असून त्याचा भार पहिल्या प्रश्नाच्या दुप्पट धरला जातो. परीक्षक चार गोष्टी पाहतो : प्रश्नाला मिळालेले उत्तर, विचारांची संगती, शब्दसंपत्ती आणि व्याकरण. चारींस गुण समान. असे असता आपला विद्यार्थी महिनोन्महिने अवघड शब्दांच्या याद्या पाठ करतो. म्हणजे चौथ्या हिश्शासाठी सर्व श्रम वेचतो.

समजा, पाणीटंचाई दूर करणे हे शासनाचे काम की नागरिकांचे, असा प्रश्न आला. शाळेत निबंधाचा जो साचा हाती बसलेला असतो, त्याप्रमाणे लेखनाचा आरंभ ‘पाणी हेच जीवन’ येथून होतो आणि लेखकाचे मत, असलेच तर, अखेरच्या ओळीत येते. हा दोष मराठी भाषेचा नव्हे. १८७४ साली ‘निबंधमाला’ सुरू करणारे चिपळूणकर आपला पक्ष मांडण्यास कधी संकोचले नाहीत. परीक्षकास मत पहिल्याच परिच्छेदात हवे असते आणि पुढे त्यास आधार हवा असतो.

तो आधार नगर जिल्ह्यातील विद्यार्थ्यास दूर शोधावा लागत नाही. हिवरे बाजार हे पर्जन्यछायेतील गाव. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाल्यानंतर तेथे डोंगरउतारावर चर खोदून पाणी अडविण्यात आले. पुढे दरवर्षी पडलेला पाऊस मोजून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडण्याचा प्रघात पडला. पिण्याचे पाणी प्रथम, मग जनावरांचे, उरेल त्यावर पिके. ऊस व केळी यांस, तसेच शेतीसाठीच्या विंधनविहिरींस गावाने मनाई केली. आता हा दाखला ‘नागरिकांचे काम’ या पक्षाला बळकटी देतो खरा. परंतु चर खोदण्यास पैसा रोजगार हमी योजनेसारख्या शासकीय योजनांतून आला, हेही तितकेच खरे. प्रामाणिकपणे लिहिणाऱ्यास म्हणून आपले मत दुरुस्त करावे लागते : पैसा शासनाने द्यावा, वापरावर बंधन गावाने घालावे. पाठ केलेल्या निबंधात असे मत सहसा येत नाही.

भाषेचे दोन मुद्दे उरतात. मराठीत उपपदे नसल्याने ती आपणांकडून गळतात. गावाचा प्रथम उल्लेख ‘अ व्हिलेज’ असा करावा, त्याच गावाविषयी पुन्हा बोलताना ‘द व्हिलेज’ म्हणावे. एकाच ठिकाणाची हकीकत सांगताना हा भेद आपोआप अंगवळणी पडतो. दुसरे असे की, परक्या परीक्षकास ‘ग्रामसभा’ ठाऊक नसते. तो शब्द टाळू नये. गावातील सर्व मतदारांची सभा, एवढे अर्ध्या वाक्यात सांगून पुढे जावे.