उदयोन्मुख : कोणाच्या क्षितिजावर?

गेल्या वेळी आपण कलाकृती आणि साधी वस्तू यांत फरक कशामुळे पडतो, हा प्रश्न घेतला होता. आर्थर डांटो या अमेरिकन तत्त्वज्ञाचा १९६४ मधला निबंध आपण पाहिला. वॉरहॉलचे ब्रिलो बॉक्स कलादालनात ठेवले की कला होतात, आणि तसेच दिसणारे खोके दुकानात असले की ते नुसते खोके राहतात. हा फरक डोळ्यांना दिसत नाही. कलेचा इतिहास, तिच्याविषयीचे विचार यांचं जे वातावरण भोवती असतं, ज्याला डांटो कलाविश्व म्हणतो, त्यातून तो फरक येतो. व्याख्यान संपल्यावर एका श्रोत्यांनी विचारलं, "सर, ज्याला त्या कलाविश्वात कोणी बोलावलेलंच नाही, त्याचं काय?"

आज त्या प्रश्नावर बोलू. उदाहरण मुख्यतः एकच घेतो. १९८९ साली पॅरिसमध्ये झालेलं ‘मॅजिसियाँ द ला तेर’, म्हणजे ‘पृथ्वीवरचे जादूगार’ हे प्रदर्शन. त्यात आपल्या डहाणूकडचे एक चित्रकार होते, म्हणून ते आपल्याला जवळचंही आहे.

आधी दोन शब्द तपासून घेऊ, कारण पुढचा सगळा घोळ या शब्दांत आहे. आंतरराष्ट्रीय प्रदर्शनांच्या पत्रकांत ते हमखास येतात : ‘उदयोन्मुख’ आणि ‘प्रादेशिक’. उदयोन्मुख म्हणजे उगवण्याच्या बेतात असलेला. आता बघा, सूर्य उगवला असं आपण म्हणतो. पण उगवणं ही सूर्याच्या बाबतीत घडणारी गोष्ट नाही. पृथ्वी फिरते, आपण फिरतो, आणि तो आपल्या नजरेच्या टप्प्यात येतो. ‘उगवला’ या शब्दात सूर्याविषयी फारच थोडी माहिती आहे. आपण कुठे उभे आहोत, याची मात्र पुष्कळ आहे.

‘प्रादेशिक’चंही तेच. मराठी वाचकाला हे वेगळं सांगायला नको. श्री. ना. पेंडशांनी कोकणावर लिहिलं, तर आपण त्याला प्रादेशिक कादंबरी म्हणालो. पण पुण्याच्या पेठेतल्या वाड्यात घडणाऱ्या कादंबरीला कोणी प्रादेशिक म्हटल्याचं मला तरी आठवत नाही. पेठ काय प्रदेशात नसते? असते की! पण नावं ठेवणारा तिथे राहत होता. स्वतःच्या घराला कोणी प्रदेश म्हणत नाही.

म्हणजे हे दोन्ही शब्द कलावंताचं वर्णन करतात असं वाटतं, पण खरं म्हणजे ते बघणाऱ्याची जागा सांगतात. हे ध्यानात ठेवून पॅरिसला जाऊ.

या प्रदर्शनाच्या पाच वर्षं आधी, १९८४ मध्ये, न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात ‘प्रिमिटिव्हिझम’ नावाचं एक मोठं प्रदर्शन झालं होतं. पिकासो वगैरे आधुनिक युरोपीय कलावंतांच्या कृती आणि आफ्रिका, ओशियानियातले मुखवटे, मूर्ती शेजारी शेजारी मांडल्या होत्या. साम्य बघा, असं सांगायचं होतं. पण पिकासोच्या कृतीखाली नाव आणि वर्ष, मुखवट्याखाली फक्त जमात. थॉमस मॅकएव्हिली या समीक्षकाने त्यावर कडक टीका केली. एकाला इतिहास आहे, दुसऱ्याला नाही, असंच ती मांडणी सांगत होती.

पॅरिसच्या प्रदर्शनाचे प्रमुख होते झाँ-ह्युबेर मार्तँ. त्यांनी सरळ म्हटलं, की मुखवटे नकोत, माणसं आणू. आज हयात असलेले, आज काम करणारे साधारण शंभर कलावंत, त्यातले निम्मे पाश्चात्त्य देशांतले आणि निम्मे उरलेल्या जगातले. पाँपिदू केंद्र आणि ला व्हिलेतचा मोठा हॉल अशा दोन जागी ते मांडलं. प्रत्येकाचं नाव होतं. लुईझ बुर्ज्वा, अँसेल्म कीफर यांच्या बरोबरीने मधुबनीच्या बौवा देवी, मध्य प्रदेशातले परधान गोंड चित्रकार जनगढसिंह श्याम आणि आपले जिव्या सोमा मशे. हे पाऊल मोठं होतं, ते मोठंच म्हणायला हवं.

आता जिव्या सोमा मशे कोण? जन्म साधारण १९३४ चा, वारली समाजातले. म्हणजे पॅरिसला चित्रं गेली तेव्हा पन्नाशी ओलांडलेले. भारत सरकारचा राष्ट्रीय पुरस्कार त्यांना १९७६ मध्येच मिळाला होता. पॅरिसच्या प्रेक्षकाला मात्र ते नुकतेच उगवलेले.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. वारली चित्र मुळात कोण काढत होतं? सवासिनी. लग्नघरात, कुडाच्या शेणाने किंवा गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहायचा. मधे पालघट देवी. धवलेरी गाणी म्हणणार, लग्न लावणार. चौक लिहिल्याशिवाय लग्न होत नाही. ते चित्र त्या प्रसंगाचं, त्या घराचं. त्याला चित्रकाराचं नाव नसतं, आणि ते जपून ठेवायचंही नसतं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी हे चित्रकार त्या भागात गेले. त्याआधी बिहारच्या दुष्काळाच्या वेळी त्यांनी मधुबनीच्या स्त्रियांना कागद दिला होता. इथे त्यांना मशे भेटले.

मशे पुरुष. लग्न असो नसो, रोज चित्र काढणारे. चौक सोडून त्यांनी मासे धरायचं जाळं, शेतं, तारप्याभोवतीचा नाच असे विषय घेतले. ठिपक्यांनी आणि बारीक रेघांनी सगळा कागद थरथरत ठेवला. म्हणजे वारल्यांच्या इतिहासात मशे कोण आहेत? परंपरा मोडून नवं काही सुरू करणारा माणूस! युरोपात अशा माणसाला आपण आधुनिक म्हणतो. पॅरिसच्या भिंतीवर मात्र त्यांच्याकडे हजारो वर्षांच्या परंपरेचा प्रतिनिधी म्हणून पाहिलं गेलं.

इथे जरा थांबतो. माणूस त्याच्या घरी बंडखोर आहे आणि पाहुणा म्हणून गेला की नमुना होतो. हे कोणी दुष्टपणाने केलेलं नसतं. वारली कलेलाही स्वतःचा इतिहास आहे, त्यात मागचं आणि पुढचं आहे, हे बघणाऱ्याला माहीत नसतं, म्हणून होतं. इतिहास माहीत नसला की नावीन्य दिसत नाही. ज्याला आधीचं माहीत नाही, त्याला सगळंच सनातन वाटतं. कलाविश्व एकच आहे असं धरून चाललं तर मशे त्यात उपरेच राहणार. कलाविश्वं अनेक आहेत, असं म्हटलं तर मात्र ते त्यांच्या विश्वातले बंडखोर म्हणून दिसू लागतात. गेल्या वेळच्या प्रश्नाला माझं पहिलं उत्तर हे आहे.

त्याच प्रदर्शनाची दुसरी अडचण रशीद अराईन यांनी सांगितली. कराचीत जन्मलेले, लंडनमध्ये राहणारे कलावंत. स्वतः या प्रदर्शनात सहभागी, आणि तरी त्याचे सडेतोड टीकाकार. त्यांचा मुद्दा असा : पाश्चात्त्य जगातून तुम्ही आधुनिक कलावंत निवडता, मग आशिया-आफ्रिकेतून परंपरेशी जोडलेलेच का निवडता? तिथे आधुनिक कलावंत नाहीत? भारतापुरतं बघा. गायतोंडे तेव्हा हयात होते, भूपेन खख्खर ऐन भरात होते. त्यांना तिथे जागा नव्हती. म्हणजे मशे आधुनिक असूनही पारंपरिक ठरले, आणि खख्खर आधुनिक म्हणूनच बाहेर राहिले. दोघांवर अन्याय एकाच चाळणीने केला.

मांडणीचंही एक उदाहरण देतो. ला व्हिलेतच्या हॉलमध्ये रिचर्ड लाँग या इंग्रज कलावंताने भिंतीवर चिखलाचं भलंमोठं वर्तुळ काढलं होतं, आणि त्याच्या पुढ्यात जमिनीवर ऑस्ट्रेलियातल्या युएंदुमू इथल्या आदिवासी कलावंतांचं भूचित्र होतं. माती दोन्हीकडे. पण एक उभं, उंच, मान वर करून बघायचं. दुसरं त्याच्या पायाशी. बरोबरीने ठेवलं, तरी बरोबरी होतेच असं नाही. अर्थात एवढ्यावर सोडणं न्याय्य होणार नाही. २००३ मध्ये जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयात लाँग आणि मशे या दोघांचंच एकत्र प्रदर्शन झालं. शंभरांच्या गर्दीतली ओळख पुढे दोघांच्या संवादापर्यंत पोचली. प्रदर्शनाचं यश कधीकधी चौदा वर्षांनी दिसतं.

त्याच १९८९ साली आणखी एक प्रदर्शन झालं, ते आपल्याकडे फारसं कोणी सांगत नाही. क्युबात, हवानाचं तिसरं द्वैवार्षिक. १९८४ मध्ये लॅटिन अमेरिकेपुरतं सुरू झालेलं हे प्रदर्शन १९८६ पासून आशिया-आफ्रिकेपर्यंत पसरलं, आणि तिसऱ्या खेपेचा विषयच परंपरा आणि समकालीनता असा होता. इथे बोलावणारेही ‘प्रदेशा’तलेच. हाच विचार पुढे ब्रिस्बेनच्या १९९३ पासूनच्या आशिया-पॅसिफिक त्रैवार्षिकात आणि २०१२ पासूनच्या आपल्या कोची-मुझिरिस बिएनालेत वेगवेगळ्या रूपांत आला. कोचीत २०१४ पासून कलाविद्यार्थ्यांचं वेगळं प्रदर्शनही भरू लागलं. बोलावण्याची जागा बदलली की प्रश्न बदलतात. ते सुटतात असं मात्र नाही, कारण प्रत्येक केंद्राला आपापले प्रदेश असतातच. मुंबईला डहाणू आहे, तसं.

या सगळ्यात पणाला काय लागतं, तेही सांगायला हवं. नाहीतर हा शब्दांचा खेळ वाटेल. जनगढसिंह श्याम यांचं उदाहरण घ्या. पाटणगढचा तरुण. स्वामीनाथन यांच्या भोपाळच्या भारत भवनच्या चमूने १९८१ च्या सुमारास त्यांच्या घराच्या भिंतीवरची चित्रं पाहिली. पुढे त्यांच्या शैलीला ‘जनगढ कलम’ म्हणू लागले. एका व्यक्तीच्या नावाने शैली! लोककलेत व्यक्ती नसते म्हणणाऱ्यांना हे उत्तरच आहे. २००१ मध्ये जपानमधल्या एका संग्रहालयासाठी काम करायला ते गेले असताना, घरापासून इतक्या दूर, त्यांनी आयुष्य संपवलं. त्या मृत्यूविषयी मी इथे निवाडा करणार नाही. पण तेव्हापासून एक प्रश्न विचारला जातो, आणि तो रास्त आहे : ज्याला आपण जगापुढे आणतो, त्याची तिथे काळजी कोण घेतं, त्याच्या वतीने करार कोण वाचतं, त्याची भाषा कोणाला येते? बोलावणं हा सन्मान आहे, तशी ती जबाबदारीही आहे.

शेवटचं उदाहरण अलीकडचं, आणि आशेचं. प्रभाकर पाचपुते, जन्म १९८६, चंद्रपूर जिल्ह्यातलं सास्ती हे गाव. खाणीचा मुलूख. खैरागढ आणि बडोद्याला शिल्पकला शिकले आणि कोळशानेच चित्रं काढू लागले. त्यांच्या चित्रांतल्या माणसांना डोक्याच्या जागी कधी दिवा असतो, कधी यंत्राचा भाग. २०१४ मध्ये साओ पावलोच्या बिएनालेत त्यांचं काम होतं. नंतर वेल्समधल्या कार्डिफच्या ‘आर्टेस मुंडी’ या पुरस्कारासाठी निवड झाली, आणि २०२१ मध्ये तो सहाही कलावंतांना मिळून दिला गेला.

आता वेल्स म्हणजे काय? तोही कोळशाचाच मुलूख. १९८४-८५ च्या मोठ्या संपानंतर तिथल्या खाणी एकेक करून बंद झाल्या. चंद्रपुरात खोदकाम चालूच आहे. एका गावाचा भूतकाळ दुसऱ्या गावाचा वर्तमान आहे, आणि दोन्ही तिथे एकाच दालनात समोरासमोर आले. इथे सास्ती हा नमुना राहत नाही. पाचपुत्यांचं चित्र वेल्सच्या माणसाला त्याच्याच घराविषयी काही सांगू शकतं. एक प्रदेश दुसऱ्या प्रदेशाशी बोलतो, मधल्या केंद्राची परवानगी न मागता. समकालीन या शब्दाचा खरा अर्थ मला इथे सापडतो : काळ वाटून घेणारे.

(श्रोत्यांतून प्रश्न : मग आमच्यासारख्या साध्या प्रेक्षकाने असं प्रदर्शन बघताना काय करावं?)

चांगलं विचारलंत. तीन गोष्टी करा. पहिली, चित्राखालची पाटी वाचा. नाव, गाव, वर्ष आहे का? की नुसतं ‘वारली चित्र’ म्हटलंय? चहाच्या कपावर आणि कुर्त्यावर तर नाव नसतंच, निदान प्रदर्शनात असावं. दुसरी, स्वतःला विचारा : या माणसाने त्याच्या लोकांत नवं काय केलं? उत्तर माहीत नसेल तर तिथल्या कार्यकर्त्यांना विचारा, लाजू नका. त्यांनाही माहीत नसेल, तर प्रदर्शन अर्धंच झालेलं आहे. तिसरी, पत्रकात ‘उदयोन्मुख’ असं छापलेलं दिसलं, की मनात पुढे दोन शब्द जोडा : ‘आमच्या दृष्टीने’. मग ते वाक्य खरं होतं.

मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. त्यांची मुलं चित्रं काढतात, आणि वारली पाड्यांवर आज चित्र काढणारे कितीतरी तरुण आहेत. ते कधी उगवतील, असं विचारू नका. आपण आपली मान तिकडे कधी वळवणार, एवढंच विचारा.

पुढच्या वेळी याच धाग्यावरून ‘अनुकरण आणि अस्सलपणा’ हा विषय घेऊ.