घरातील ओल व बुरशी

गावात घराचा व्यवहार ठरत असता पुष्कळदा शिक्षकाचा सल्ला घेतला जातो. अशा वेळी एक गोष्ट ध्यानात असावी : नुकतीच रंगसफेदी झालेले घर उन्हाळ्यात निर्मळ दिसते, परंतु त्याची खरी परीक्षा पावसाळ्यात होते.

बुरशीचे सूक्ष्म बीजाणू हवेत सर्वत्र असतात. ओल मिळताच ते लाकूड, कागद, कापड व भिंत यांवर रुजतात. कोकणातील जांभा दगड सच्छिद्र असल्याने पाणी शोषतो. फुटकी कौले, गळके नळ व जोत्यातून चढणारी ओल ही आणखी कारणे होत.

ओलसर, बुरशी आलेल्या घरांत राहणाऱ्यांना खोकला, श्वसनाचे विकार व दमा यांचा धोका अधिक असतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली नमूद केले आहे.

म्हणून घर शक्यतो पावसाळ्यात पाहावे. कपाटामागील भिंत, छताचे कोपरे व जोत्यालगतचा गिलावा तपासावा. कुबट वास, पोपडे व काळे डाग यांकडे दुर्लक्ष करू नये. रंगाने बुरशी झाकते, जात नाही. ओलीचे मूळ बंद करणे हाच खरा उपाय होय.

वर्गात एखादे मूल पावसाळाभर खोकत असल्यास त्यास वैद्यकीय तपासणीस पाठवावे. घरातील ओलीचीही चौकशी करावी.