ट्रक शिकायला जाताना पायात काय, अंगात काय?

सोनईच्या मुळा सहकारी साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की घोडेगाव आणि राहुरीच्या रस्त्यांवर उसाच्या गाड्यांची वर्दळ वाढते. त्या पाहून आपल्या वस्तीतली पुष्कळ मुले ट्रक शिकायचे ठरवतात. घरचेही कसेबसे फीचे पैसे उभे करतात. पण शिकायला निघालेल्या मुलाच्या पायात बहुतेक वेळा स्लिपरच असते. फीचा हिशेब करतानाच बुटाचा हिशेब का करावा, ते आम्ही या पानावर सांगत आहोत.

ट्रकचे शिकाऊ लायसन्स मिळायला वयाची 20 वर्षे पूर्ण लागतात आणि हलक्या वाहनाचे लायसन्स काढून एक वर्ष झालेले असावे लागते. मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये अवजड वाहनाचे शिक्षण कमीत कमी 30 दिवसांचे असते आणि त्यात निदान 15 तास गाडी चालवायची असते. म्हणजे पायाला सवय लागते ती याच महिन्यात. स्लिपरची लागली तर ती पुढे सुटत नाही.

पायात काय घालावे?

स्लिपरला टाचेला आधार नसतो. घामाने पाय आतल्या आत सरकतो, अंगठ्याजवळचा पट्टा निघतो. निसटलेली चप्पल ब्रेकच्या पेडलखाली गेली तर ब्रेक पूर्ण दाबलाच जात नाही. भरलेला ट्रक थांबायला आधीच जास्त अंतर लागते. अशा वेळी समोर सायकलवरचे पोर असेल तर काय होईल, ते सांगायला नको.

"अनवाणी चालव, पेडल चांगले कळते," असे काही उस्ताद सांगतात. पण घामेजलेला तळवा पेडलवरून घसरतो. एकदम जोरात ब्रेक मारायची वेळ आली की उघड्या तळव्याला लोखंड टोचते आणि पूर्ण जोर लागत नाही. खाली उतरल्यावर तापलेले डांबर, काच आणि खिळे असतात. खिळा टोचला तर जखम साबण-पाण्याने धुऊन त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जावे आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल विचारावे.

गमबूट किंवा फार जाड तळाचे बूटही नकोत. त्यात पेडल किती दाबले ते कळत नाही आणि रुंद बुटाने ब्रेक व ॲक्सिलरेटर एकदम दाबले जातात. शाळेत घालतात तसे नाडीचे कॅनव्हास बूट यासाठी चांगले. तळ सपाट, पातळ आणि रबरी असावा, टाच झाकलेली असावी. जुने बूट चालतील, पण तळ गुळगुळीत झालेले नकोत. नाडीची टोके आत खोचावीत. गाडीत चढण्यापूर्वी तळाचा चिखल पुसावा. काढलेली चप्पल किंवा पाण्याची बाटली पेडलजवळ ठेवू नये.

उतरताना उडी मारू नये. केबिनकडे तोंड करून, हाताने धरून, एकेक पायरी उतरावे. उडी मारण्याच्या सवयीने घोटा मुरगळतो आणि गुडघे लवकर झिजतात.

अंगात काय घालावे?

1 ऑक्टोबर 2025 पासून तयार होणाऱ्या ट्रकमध्ये चालकाची केबिन वातानुकूलित असणे सक्तीचे झाले आहे. पण शिकवणीची गाडी बहुधा जुनी असते. इंजिनची धग थेट अंगावर येते. म्हणून सैलसर सुती शर्ट, सुती फुल पँट आणि सुती चड्डी घालावी. नायलॉनचे कपडे आणि घट्ट जीन्स यांत घाम जिरत नाही आणि जांघेत नायटा होतो. त्यावर मेडिकलमधून मनाने मलम आणू नये. काही मलमांत स्टिरॉइड असते. त्याने खाज थांबते, पण नायटा पसरत जातो.

लुंगी पायात गुंतते आणि चढता-उतरताना पायरीला अडकते. मागच्या खिशातले जाड पाकीट काढून ठेवावे. त्यावर तासन् तास बसल्याने कमरेपासून पायापर्यंत कळ येते.

इंजिन पाहताना गळ्यातला गमछा काढावा, तो फिरत्या पट्ट्यात ओढला जातो. अंगठीही काढावी. ती हुकात अडकली आणि माणूस खाली उतरला की बोटाचे कातडे सोलून निघते. उसाच्या गाडीवर चढायचे असेल तर पूर्ण बाह्या हव्यात, उसाची पाने कातडीला चिरतात.

थंडीत जाड जॅकेटवरून सीटबेल्ट लावू नये. जॅकेट उघडून बेल्ट कमरेच्या हाडावर बसवावा, पोटावर नाही. बेल्ट नसेल तर 1000 रुपये दंड आहे.

मुलींसाठी

जून 2023 मध्ये अर्चना अत्राम यांनी सासवड-नीरा मार्गावर एसटी चालवली. एसटी चालवणाऱ्या पहिल्या महिलांपैकी त्या एक ठरल्या. आपल्या मुलीही अवजड गाडी शिकू शकतात. त्यांनी पँट किंवा चुडीदार घालावा, ओढणी घरी ठेवावी किंवा कमरेला घट्ट बांधावी. पाळीच्या दिवसांत सुती आतले कपडे घालावेत आणि पॅड चार ते सहा तासांनी बदलावे. लघवी रोखून धरू नये.

दंड होतो का?

चप्पल, लुंगी-बनियनला दंड होणार अशी चर्चा 2019 मध्ये खूप झाली. तेव्हा नव्या कायद्यात असा दंड नसल्याचे केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांच्या कार्यालयाने जाहीर केले होते. पण दंड नाही म्हणून धोका कमी होत नाही.

पैसे थोडेच असतील तर आधी बूट घ्यावेत. सुती शर्ट-पँट घरातली जुनी चालेल. आणि मुलगा किंवा मुलगी पहाटे शिकायला निघाली की घरच्यांनी एकदा तिच्या पायाकडे पाहावे. स्लिपर दिसली तर तिथेच थांबवावे.