पैलवानी देह आणि कमरेची टेप

कोल्हापुरात तब्येत नजरेनंच मोजतात. राजर्षी शाहूंनी तालमींना बळ दिलं, खासबागेचं मैदान बांधलं; त्या मातीतला भरल्या अंगाचा माणूस निरोगी आणि किडकिडीत असला तर काटक, असा इथला सरळ हिशेब. हृदयाला तो मान्य नाही.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये चक्क स्वतःचेच आकडे छापले. उंचीच्या मानानं वजन सांगणारा बीएमआय दोघांचाही २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२! आपल्याकडे ही चरबी पोटात, आतड्यांभोवती आणि यकृतात जास्त साठते. तिच्यामुळे इन्सुलिनचा परिणाम मंदावतो, रक्तातली साखर आणि ट्रायग्लिसराइड वाढतात, रक्तवाहिन्यांच्या अस्तराखाली कोलेस्टेरॉल साचायला मदत होते. अंगावर यातलं काहीच दिसत नाही.

त्याच वर्षी ५२ देशांतल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासाचे निष्कर्ष आले. हृदयविकाराच्या पहिल्या झटक्याचा सुमारे ९० टक्के धोका नऊ घटकांशी जोडलेला निघाला: तंबाखू, कोलेस्टेरॉल, रक्तदाब, मधुमेह, सुटलेलं पोट, ताण वगैरे. दक्षिण आशियात हा झटका इतरांपेक्षा पाच-सहा वर्षं आधी येतो, हेही त्याच अभ्यासातून पुढे दिसलं.

दोष मात्र सगळा तांबड्या रश्श्याच्या माथी. रविवारच्या वाटीभर रश्श्यापेक्षा मला रोजचा तंबाखूचा बार आणि सकाळची मिश्री जास्त घातक वाटते. धूर निघत नाही म्हणून तिला कुणी व्यसनही म्हणत नाही. पण निकोटिन रक्तवाहिन्या आकसवतं, नाडी आणि रक्तदाब वाढवतं. इंटरहार्टमध्ये तंबाखू चघळणाऱ्यांना झटक्याचा धोका दुपटीहून जास्त आढळला.

पैलवानांचं दुखणं वेगळं. आखाडा सुटतो, खुराक सुटत नाही. जोर-बैठका थांबल्यावरही दूध, तूप, बदाम चालूच राहतात आणि पिळदार पोटाची ढेरी होते.

तेव्हा घरातली शिंप्याची टेप काढा. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या, बाईची ८० च्या पुढे असेल, तर रक्तदाब, उपाशीपोटीची साखर आणि लिपिड तपासून घ्या. टेप आत राहिली तरी तिशीनंतर रक्तदाब मोजाच. आणि छातीत दाटून घाम फुटला, तर गॅस झाला म्हणून सोडा पीत बसू नका. कुणाला तरी सोबत घेऊन थेट दवाखाना गाठा.