चव कोण घेते – जीभ की वेष्टन?

आमच्या शाळेतून बारा वर्षांपूर्वी बाहेर पडलेला एक विद्यार्थी सध्या नोकरीनिमित्त जपानमध्ये राहतो. गेल्या सुट्टीत गावी आला तेव्हा त्याने शाळेच्या विज्ञान मंडळासाठी एक खोका आणला. खोक्यात गोळ्यांच्या वीस-बावीस पुड्या होत्या. एकीवर गालांवर लाली असलेले हसरे फळ, दुसरीवर पेंगुळलेले अस्वल, तिसरी तर चक्क छोट्या हिरव्या बाटलीच्या आकाराची. पुड्यांवरचे एक अक्षरही आम्हांला वाचता येत नव्हते. तरीही आधी कोणती उघडायची यावरून मुलांमध्ये वाद सुरू झाला.

गोळ्या वाटून मोकळे होणे सोपे होते. पण वाचता न येणारी पुडी म्हणजे प्रयोगाची आयतीच चालून आलेली संधी, असे आम्हांला वाटले. मग ठरले की, पुडी न उघडता आतल्या गोळीची चव कशी असेल ते प्रत्येकाने वहीत लिहायचे. आम्ही शिक्षकांनीही लिहायचे. त्यानंतर चव घ्यायची आणि दोन्ही नोंदी ताडून पाहायच्या. विद्यार्थ्याला तेवढे जपानी वाचता येत होते, उत्तरे त्याच्याकडे.

गोजिरवाण्या चित्रांची ओढ

वहीतल्या नोंदी पाहिल्या तेव्हा पहिली गोष्ट लक्षात आली. गोंडस चित्र असलेल्या जवळजवळ प्रत्येक पुडीपुढे ‘गोड’ असे लिहिलेले होते. चित्रात गोड असे काही नव्हते. होता तो फक्त एक चेहरा.

गोंडसपणाला जपानी भाषेत ‘कावाई’ म्हणतात. जपानमधल्या गोळ्यांच्या वेष्टनांवर अशा चेहऱ्यांची परंपरा जुनी आहे. ‘पेको-चान’ ही दोन वेण्यांची, ओठांवरून जीभ फिरवणारी मुलगी फुजिया कंपनीने १९५० साली आणली आणि १९५१ पासून दुधाच्या ‘मिल्की’ गोळ्यांवर ती दिसू लागली. असे चेहरे आपल्याला का ओढून घेतात? प्राणिवर्तनाचे अभ्यासक कोनराड लोरेन्झ यांनी १९४३ साली याचे एक स्पष्टीकरण मांडले. मोठे डोके, रुंद कपाळ, मोठे डोळे, गुबगुबीत गाल ही तान्ह्या बाळाची लक्षणे आहेत आणि ती दिसली की मोठ्या माणसांत जपण्याची भावना आपोआप जागी होते. हिरोशिमा विद्यापीठातल्या निट्टोनो व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे आढळले की, कुत्र्यामांजरांच्या पिल्लांची चित्रे पाहिल्यानंतर लोक नाजूक काम अधिक काळजीपूर्वक करतात. म्हणजे असे चित्र आपले लक्ष बांधून ठेवते. दुकानातल्या फळीवर शेकडो पुड्यांत एका पुडीला नेमके हेच हवे असते.

आधी घटक, मग चव

खाण्यापूर्वी आम्ही विद्यार्थ्याकडून प्रत्येक पुडीवरची घटकांची यादी मराठीत लिहून घेतली. लवचीक गोळ्यांमध्ये जिलेटिन निघाले. जिलेटिन जनावरांच्या कातडी-हाडांपासून बनते. आमच्यातली काही मुले शाकाहारी, म्हणून त्या पुड्या बाजूला ठेवल्या. एका मुलीला शेंगदाण्याचा त्रास होतो, म्हणून आणखी दोन पुड्या गेल्या. चित्र गोजिरवाणे आहे म्हणून पदार्थ निर्धोक असतो असे नाही. कोन्याकू नावाच्या कंदापासून केलेली, लहान कपात मिळणारी जेली घशात अडकून जपानमध्ये मुले व वृद्ध दगावले आहेत आणि युरोपीय महासंघाने जेलीच्या मिठाईत तिचा वापर करण्यावर बंदी घातली आहे. उरलेल्या कडक गोळ्या आम्ही खलबत्त्यात कुटून घेतल्या. घशात अडकण्याची भीती गेली आणि आकारावरून गोळी ओळखण्याची सोयही गेली.

नाक बंद, डोळे बंद

पहिल्या फेरीत द्राक्ष, पीच आणि खरबूज यांच्या स्वादाच्या गोळ्यांची पूड घेतली. डोळे रुमालाने बांधले आणि नाक चिमटीत धरले. तिन्हींविषयी एकच उत्तर आले: गोड आणि थोडे आंबट. नाक सोडताच चेहरे बदलले. ‘द्राक्ष!’ हा शब्द तर एकदमच तीन-चार तोंडांतून निघाला.

याचे कारण सरळ आहे. जिभेवरच्या रुचिकलिकांना मूळ चवी तेवढ्या कळतात. द्राक्ष, पीच, आंबा हे भेद गंधाचे आहेत. तोंडातल्या पदार्थाचे बाष्प घशाच्या मागच्या बाजूने नाकात चढते आणि तिथल्या गंधपेशींना भेटते. नाक दाबले की हवा खेळत नाही आणि वार्ता पोचत नाही. सर्दीत जेवण बेचव लागते ते यामुळेच. जीभ तेव्हाही ठणठणीत असते.

दुसऱ्या फेरीत नाक मोकळे, डोळेही उघडे. या वेळी फिकट हिरव्या रंगाची पूड होती. अनेकांनी खाण्यापूर्वीच ‘कैरी’ लिहिले होते आणि खाल्ल्यावरही त्यातल्या काहींनी ‘कैरी, पण कमी आंबट’ असे लिहिले. ती होती माच्चाची, म्हणजे बारीक दळलेल्या हिरव्या चहाची गोळी. आंबटपणाचा तिच्यात लवलेशही नव्हता. यात मुलांना हसण्यासारखे काही नाही. फ्रान्समधल्या बोर्दो विद्यापीठात वाइनशास्त्र शिकणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना संशोधकांनी पांढरी वाइन गंधहीन लाल रंग मिसळून दिली. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात त्या विद्यार्थ्यांनी तिचे वर्णन लाल वाइनला वापरतात त्या शब्दांत केले. जाणकारांची ही गत, तर आपले काय!

सर्वांत मोठा धक्का दिला तो हसऱ्या लाल फळाने. सगळ्यांनी स्ट्रॉबेरी गृहीत धरली होती. निघाली उमेबोशी, म्हणजे मिठात मुरवलेल्या एका आंबट जपानी फळाची खारट-आंबट गोळी. तिघांनी ती थुंकून टाकली. मात्र ‘हे मिठातल्या आवळ्यासारखे आहे’ असे सांगून तीच पूड अर्ध्या तासाने पुन्हा दिली, तेव्हा त्यांतल्या दोघांनी आणखी मागितली. पूड तीच, जीभही तीच. मधल्या काळात बदलली होती ती केवळ अपेक्षा.

उलट अनुभवही आला. नेरुनेरुनेरुने या नावाची एक पुडी जपानी मुलांत १९८६ पासून लोकप्रिय आहे. तिच्यातल्या पहिल्या पुडीची भुकटी पाण्यात कालवली की निळसर होते. दुसरी मिसळली की गुलाबी होऊन फुगते. आपण प्रयोगशाळेत लाल कोबीचा रस दर्शक म्हणून वापरतो, तेच तत्त्व इथे आहे. पहिल्या भुकटीत खाण्याचा सोडा असतो, दुसरीत सायट्रिक आम्ल. आम्ल पडताच रंगद्रव्य गुलाबी होते आणि कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे मिश्रण फुगवतात. मुले म्हणाली, ‘गुलाबी झाल्यावर जास्त आंबट लागते.’ या वेळी डोळ्यांनी फसवले नव्हते. आम्ल खरोखरच वाढले होते. डोळा नेहमी खोटे बोलतो असे नाही. त्याची साक्ष पडताळून घ्यावी लागते, इतकेच.

गार लागणारी गोळी

हिरव्या बाटलीत रामुने होती. ‘लेमोनेड’ या शब्दाचा जपानी उच्चार म्हणजे रामुने. याच नावाचे पेय गोटीच्या बाटलीत मिळते आणि गोळ्यांची डबी त्या बाटलीची नक्कल असते. ही पांढरी गोळी जिभेवर ठेवताच गार लागते. मुलांनी लिहिले, ‘पुदिना’. यादीत पुदिना नव्हता. मग हा बाटलीच्या चित्राचाच परिणाम असेल, असे आम्ही घाईने ठरवून टाकले. एका मुलाने मात्र विचारले, ‘डोळे बांधले होते, बाटली पाहिलीच नव्हती, तरी गार कशी लागली?’

प्रश्न बिनतोड होता. रामुनेच्या गोळीत मुख्य घटक ग्लुकोज असतो. ग्लुकोजचे स्फटिक विरघळताना उष्णता शोषून घेतात. साखरेपेक्षा सुमारे तिप्पट किंवा त्याहूनही अधिक. ती उष्णता जिभेकडूनच घेतली जाते. औषधाच्या दुकानातली ग्लुकोजची पूड आणून हे तपासता येते. अर्धा पेला पाण्याचे तापमान मोजा, चार-पाच चमचे ग्लुकोज टाकून ढवळा आणि पुन्हा मोजा. पारा काही अंशांनी खाली येतो. तापमापीला पुडीवरचे चित्र दिसत नाही.

जिभेचा नकाशा

शेवटी कोम्बूची गोळी घेतली. कोम्बू हे समुद्री शैवाल आहे. मुले म्हणाली, ‘गोड आहे, पण मागे टोमॅटोच्या साराची आठवण येते.’ ही आठवण अचूक होती. टोकियोच्या इम्पीरियल विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ साली कोम्बूच्या रश्श्यातून ग्लुटामिक आम्ल वेगळे काढले आणि त्यामुळे येणाऱ्या चवीला ‘उमामी’ हे नाव दिले. पिकलेल्या टोमॅटोतही ग्लुटामेट असते. गोड, आंबट, खारट, कडू यांच्या जोडीला ही पाचवी मूळ चव मानली जाते. तिचे ग्राहक रेणू २००० नंतरच्या काही वर्षांत सापडले.

‘मग नकाशात ही कुठे दाखवायची?’ एका मुलीने भिंतीवरच्या तक्त्याकडे बोट दाखवून विचारले. तक्त्यात जिभेचे टोक गोड, कडा खारट-आंबट आणि मागचा भाग कडू असा नकाशा होता. त्यावर खोका आणणारा विद्यार्थी हसून म्हणाला, ‘बाई, सहावीत मी लिहिले होते की साखर जिभेच्या कडेलाही गोड लागते. घरी करून पाहिले होते. तुम्ही त्याचा एक गुण कापला होता.’

आमच्यातल्या बाईंना ते आठवत नव्हते, पण अविश्वास दाखवण्याचेही कारण नव्हते. आम्ही सर्वांनीच वर्षानुवर्षे तो नकाशा शिकवला होता. त्याचे मूळ हेनिग या जर्मन संशोधकाच्या १९०१ सालच्या लेखात आहे. जिभेच्या निरनिराळ्या भागांच्या संवेदनक्षमतेत त्याला अगदी थोडे फरक आढळले होते. १९४२ साली बोरिंग यांच्या पुस्तकात त्याची आकडेवारी आलेखात अशी उतरली की थोड्या फरकाचा वाचकांनी ‘आहे’ आणि ‘नाही’ असा अर्थ घेतला. १९७४ साली व्हर्जिनिया कॉलिंग्ज यांनी मोजमाप पुन्हा केले, तेव्हाही फरक किरकोळच निघाले. रुचिकलिका असतात तिथे सर्वच मूळ चवी कळतात.

नकाशाची ही चूक शोधायला एक चमचा साखर पुरे होती. सहावीतल्या मुलाने ती शोधलीही होती. आम्ही मात्र जिभेवर नव्हे, तक्त्यावर विश्वास ठेवला. पुडीवरचे हसरे फळ पाहून मुलांनी स्ट्रॉबेरी लिहिली आणि छापील नकाशा पाहून आम्ही गुण कापला. या दोन चुकांत फरक काय? एकच. मुलांची चूक मुलांपुरती राहिली. आमची दुसऱ्याच्या उत्तरपत्रिकेवर लाल शाईत उमटली.

वर्गात करून पाहण्यासाठी

यासाठी जपानी गोळ्याच हव्यात असे नाही. गावात मिळणाऱ्या चार स्वादांच्या गोळ्याही चालतील.

१. घटकांची यादी वाचा. त्रास होणारे किंवा वर्ज्य पदार्थ कोणाला आहेत ते आधी विचारा.
२. गोळ्या कुटून पूड करा. अख्खी गोळी देऊन नाक किंवा डोळे बंद करायला लावू नका.
३. वेष्टन पाहून अंदाज लिहून घ्या.
४. नाक व डोळे बंद, मग फक्त डोळे बंद, मग दोन्ही उघडे, अशा तीन फेऱ्या घ्या. प्रत्येक फेरीनंतर पाण्याने चूळ भरायला सांगा आणि नोंद न बोलता करायला लावा; एकाचे उत्तर ऐकले की दुसऱ्याचे बदलते.
५. साखरेच्या पाण्यात कापूस बुडवून जिभेच्या टोकाला, कडेला व मागे लावा. फार मागे जाऊ नका, उमासा येतो.
६. चुकलेले अंदाज खोडू देऊ नका. खरा अभ्यास त्यांचाच करायचा असतो.

भिंतीवरचा तक्ता आम्ही काढून टाकलेला नाही. त्याच्या शेजारी एक कागद चिकटवला आहे: ‘हे खरे आहे का? साखर मागून घ्या आणि तपासा.’ साखरेची बरणी बाईंच्या टेबलावर असते. या सत्रात ती दोनदा भरावी लागली.